घरात बंदूक आणि मारहाणही: खान्देशातल्या बायांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या बाया आणि त्यांच्या माहेरची माणसे गेली काही वर्षे मला जे विचारत आली, ते इथे एकत्र केले आहे. मी कौटुंबिक सल्ला केंद्रात बसते. वकील नाही, पण कोर्टाच्या आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या बायांसोबत पुष्कळ वेळा चढले आहे. तुम्ही आत्ता, या क्षणी धोक्यात असाल तर हे वाचत बसू नका, 112 लावा. 181 ही महिलांची मदतवाहिनीही चोवीस तास चालू असते.

नवरा मारतो, पण बंदूक त्याने कधी माझ्यावर रोखली नाही. तरी तक्रारीत बंदुकीचे नाव घ्यावे का?

घ्यावे, आणि पहिल्या दोन-चार ओळींतच घ्यावे. बाया सगळे सांगतात. सासूचे बोलणे, दारू, पैसे, कधी कानाखाली मारली, कधी केस धरून ओढले. बंदूक सांगायची राहून जाते, कारण ती लग्नाआधीपासून खुंटीवर आहे आणि कपाटासारखी घरातलीच एक वस्तू वाटते. मी एका बाईला तिसऱ्या भेटीत विचारले, "घरात हत्यार आहे का?" ती म्हणाली, "आहे ना, सासऱ्यांची बारा बोअर. भांडण झालं की हे ती पुसत बसतात." ते पुसत बसणे म्हणजेच धमकी होती. तिला ती कळत होती, पण कागदावर कधी आली नव्हती.

अमेरिकेतल्या जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने सहकाऱ्यांसोबत 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाच पटींहून अधिक वाढतो, असे त्यात दिसले. तो आकडा त्यांच्या देशाचा आहे, पण रागाच्या भरात हात कुठे जातो ते इकडे वेगळे नाही.

म्हणून एवढे लिहा: कसली बंदूक आहे, परवाना कोणाच्या नावावर, ती कुठे ठेवतात, किल्ली कोणाकडे असते, काडतुसे घरात आहेत का, आणि भांडणात तिचे नाव कधी निघाले. "मारी टाकसू तुले" असे तो अहिराणीत म्हणाला असेल तर तेच शब्द तसेच लिहायला लावा. ठाण्यातल्या माणसाने त्याचे "जीवे मारण्याची धमकी दिली" असे केले तरी चालेल, पण मूळ शब्द अवतरणात राहू द्या.

इकडे बायका बंदुकीने मरतात तरी कुठे? विष, विहीर, जाळणे हेच जास्त.

खरे आहे, आणि ते दडवून ठेवण्यात अर्थ नाही. कापसाच्या पट्ट्यात फवारणीचे औषध प्रत्येक घरात असते. कुऱ्हाड, विळा, कोयता दारामागेच असतात. गळा दाबायला तर हत्यारही लागत नाही. बंदूक गेली म्हणून बाई सुरक्षित झाली असे कोणी समजू नये.

तरीही बंदुकीचा वेगळा विचार करायलाच हवा. कुऱ्हाडीच्या घावातून, फवारणीच्या औषधातून वेळेत दवाखाना गाठला तर बाई वाचल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. बंदुकीत तेवढी उसंत मिळत नाही. शिवाय घरातल्या सगळ्या हत्यारांत सरकारच्या परवानगीने तिथे असलेले हे एकच आहे. जी परवानगी दिली ती सरकारला परतही घेता येते. कुऱ्हाडीच्या बाबतीत तशी सोय नाही.

बायकोला मारले की परवाना रद्द, असा आपल्याकडे कायदा आहे का?

एका वाक्याचा तसा कायदा नाही. पण दोन-तीन कायद्यांची कलमे जोडली की वाट निघते. ती बहुतेक वकिलांनाही पटकन आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला आहे शस्त्र अधिनियम, 1959. त्याच्या कलम 17 प्रमाणे परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. परवानाधारक कोणत्याही कारणाने अपात्र वाटला, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज दिसली किंवा परवाना घेताना महत्त्वाची माहिती दडवली होती, अशी कारणे तिथे दिलेली आहेत. आपल्या तीनही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे हा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. काम पाहते त्यांची गृह शाखा.

कलम 9 त्याहून थेट आहे. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा संपल्यावर पाच वर्षे बंदूक बाळगता येत नाही. आणि शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तनाचा बंधपत्राचा आदेश ज्याच्यावर झाला, त्याला बंधपत्राची मुदत असेपर्यंत बाळगता येत नाही. आपण ज्याला "चॅप्टर केस" म्हणतो ती हीच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम 107 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 126 झाले आहे, पण ठाण्यात अजून "एकशे सात" म्हटले की लगेच समजते.

आता दुसरा कायदा, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. त्याच्या कलम 19(3) खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याकडून पुन्हा हिंसा न करण्याचे बंधपत्र लिहून घेऊ शकतात. आणि 19(4) म्हणते की असा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखालचा आदेश मानला जाईल. शस्त्र अधिनियमाच्या कलम 9 मध्ये नेमके त्याच प्रकरणाचे नाव आहे. म्हणजे तुमच्या अर्जावर 19(3) चे बंधपत्र झाले की त्या मुदतीत त्याच्याकडे बंदूक राहू शकत नाही, असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. वकिलाला सांगून ही मागणी अर्जात स्वतंत्र परिच्छेद करून घाला. पुष्कळ अर्जांत पोटगी असते, राहण्याचा हक्क असतो, दागिने असतात, आणि 19(3) चे नावही नसते.

तिसरी गोष्ट याच कायद्याच्या 2006 च्या नियमांत आहे. नियम 10 प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितले तर संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली सरकारने नेमलेले) पोलिसांची मदत घेऊन हिंसाचारात वापरलेले हत्यार जप्त करू शकतात. "वापरलेले" म्हणजे गोळी झाडलेलीच पाहिजे असे नाही. हत्यार दाखवून घाबरवले असेल तर तेही सांगा.

आणि घाईची वेळ आली तर शस्त्र अधिनियमाचे कलम 22. एखाद्याच्या हाती हत्यार राहू देणे शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचे आहे असे दंडाधिकाऱ्यांना कारणांसह वाटले, तर परवाना असलेले हत्यारसुद्धा झडती घेऊन ताब्यात घेण्याचा आदेश ते देऊ शकतात.

नुसता गुन्हा नोंदवला की परवाना जातो का?

जात नाही. केवळ गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही, असे उच्च न्यायालयांनी अनेक निकालांत म्हटले आहे, आणि समोरचा वकील तेच निकाल पुढे ठेवतो. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज धमकीच्या तपशिलावर उभा करा. तारीख, वेळ, शब्द, कोणी ऐकले, बंदूक त्या वेळी कुठे होती. रद्द करण्याआधी निलंबन मागा. ते लवकर मिळण्याजोगे असते.

अर्ज कुठे द्यायचा? मी माहेरी आले आहे, सासर दुसऱ्या जिल्ह्यात आहे.

2005 च्या कायद्याखालचा अर्ज तुम्ही आत्ता राहता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतो, तात्पुरत्या राहत असाल तरी. शिरपूरला नांदत होत्या आणि अमळनेरला आईकडे आल्या, तर अमळनेरच्या कोर्टात अर्ज होतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असे कायदा म्हणतो, आणि कलम 23 खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात हे मी पाहिले आहे. पण अर्जात बंदूक आणि धमकी असेल तर अंतरिम आदेशासाठी आग्रह धरायला वकिलाच्या हातात काहीतरी असते.

बंदुकीबद्दलचा अर्ज मात्र जिथे परवाना आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना, आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना. दोन्हीकडे पोच घ्या. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन 15100. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे निवारा, समुपदेशन आणि कागद करायला मदत मिळते.

आदेश झाला की त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते आणि ठाण्यालाही जाते. ती प्रत गृह शाखेपर्यंत आपोआप पोचेल या भरवशावर राहू नका. माझ्या अनुभवात ती स्वतःच नेऊन द्यावी लागते.

"घरच्या भांडणात बंदूक कशाला जमा करायची," असे ठाण्यात म्हणाले. काय उत्तर द्यावे?

निवडणुकीची आठवण करून द्या. आचारसंहिता लागली की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती बसते, परवानाधारकांची यादी काढली जाते, ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांना ठाण्यात हत्यार जमा करायला सांगतात, आणि मतमोजणीनंतर पावती दाखवून ते परत मिळते. खान्देशातल्या प्रत्येक पाटलाला, प्रत्येक सरपंचाला हे पाठ आहे. कोणाचा अपमान होत नाही, कोणाची अब्रू जात नाही. गुलालाच्या दिवशी गावात गोळी सुटू नये म्हणून जे दोन महिने चालते, ते एका बाईच्या जिवासाठी सहा महिने चालायला काय हरकत आहे? जागा तीच, पावती तीच, नोंदवहीही तीच.

हा मुद्दा मी ठाण्यात, तहसीलमध्ये, गावच्या बैठकीत जिथे संधी मिळेल तिथे मांडते. घरातल्या पुरुषांनाही तो लवकर पटतो, कारण जमा करणे म्हणजे कायमची गमावणे नव्हे, हे त्यांना निवडणुकीमुळे माहीत असते. सासरे किंवा मोठे दीर समजूतदार असतील तर त्यांनाच स्वतःहून जमा करायला सांगता येते. तीन वेळा असे झाले आहे की मी फक्त सासऱ्यांना एवढेच म्हटले, "आबा, केस निकाली निघेपर्यंत ठाण्यात ठेवा." दोघांनी ठेवली.

घरात गावठी कट्टा आहे. मला माहीत आहे, पण सांगितले तर मीच अडकेन का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा आपला पट्टा, चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी, तिकडून येणारे कट्टे आणि त्यावरच्या पोलीस कारवाया आपण वर्षानुवर्षे ऐकतो. कट्ट्याला परवाना नाही, यादीत नाव नाही, त्यामुळे वरचा जिल्हाधिकाऱ्यांचा मार्ग इथे चालत नाही.

शस्त्र अधिनियमाचे कलम 35 सांगते की एकत्र राहत्या घरात बेकायदा हत्यार सापडले, तर ते तिथे आहे हे ज्याला ठाऊक होते त्यालाही जबाबदार धरता येते, त्याने उलट सिद्ध केले नाही तर. कलम 36 सांगते की अशा गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना द्यावी. म्हणजे गप्प राहण्यात तुमचा धोका वाढतो, सांगण्यात कमी होतो. पण कसे सांगता ते महत्त्वाचे. आधी तुम्ही आणि मुले घराबाहेर पडा. मग विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा ओळखीच्या वकिलासोबत पोलीस अधीक्षकांच्या नावे लेखी माहिती द्या: कधी पाहिला, कुठे ठेवतो, मला त्याची भीती का वाटते. कट्ट्याला हात लावू नका, हलवू नका, फोटोसाठी बाहेर काढू नका.

2019 च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना साधे हत्यार बाळगल्याची शिक्षा किमान दोन वर्षे आहे. नवऱ्याला हे माहीत असते. म्हणून तो "पोलिसांना सांगितलंस तर" अशी वेगळी धमकी देतो. तीही कागदावर आली पाहिजे.

मीच बंदूक उचलून ठाण्यात नेऊन दिली तर? किंवा काडतुसे लपवली तर?

नको. दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक तुम्ही रस्त्याने नेली तर तो तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो. भरलेली असेल तर त्याहून वाईट. काडतुसे लपवल्याचे त्याच्या लक्षात आले की मार पडतो, हे एकीने मला हाताची घडी घालून, खाली बघत सांगितले होते. 112 वर फोन करून "घरात बंदूक आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. येणारे पोलीस त्या तयारीने येतात.

नवरा पोलिसात किंवा फौजेत आहे. किंवा बँकेत गार्ड आहे.

पोलिसांचे आणि फौजेचे सरकारी हत्यार परवान्यावर नसते. तिथे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करून उपयोग नाही. पोलीस असेल तर पोलीस अधीक्षकांकडे, फौजेत असेल तर त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी तक्रार द्या, आणि ड्यूटीबाहेर हत्यार घरी येऊ नये अशी स्पष्ट मागणी करा. फौजेतून निवृत्त झालेल्या गार्डची बारा बोअर मात्र बहुधा त्याच्या स्वतःच्या परवान्यावर असते. त्याला वरची सगळी कलमे लागू. त्याची नोकरीच त्या बंदुकीवर चालते, परवाना गेला तर मुलांची फी कशी भरायची, हा बायांचा पुढचा प्रश्न असतो. तो खरा आहे. 2005 च्या कायद्यात पोटगीचा, आर्थिक मदतीचा अर्ज त्याच कागदात करता येतो. पण पगार गेला तर पोटगी कशातून मिळणार याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. काहींनी बंदूक कामाच्या जागी ठेवायची, घरी आणायची नाही, असा तोडगा लेखी करून घेतला आहे.

शेतात रानडुकरे येतात, ठासणीची बंदूक शेतराखणीला लागतेच.

लागत असेल. परवाना मोठ्या भावाच्या नावावर असू द्या, बंदूक त्याच्या घरी. ज्याच्यावर मारहाणीची तक्रार आहे त्याच्या खोलीत ती नको.

परवाना देताना बायकोला विचारत नाहीत का?

आपल्याकडे अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला लागतो, पोलिसांचा चौकशी अहवाल येतो. बायकोचे मत वेगळे घ्यायची सक्ती नाही. कॅनडात अर्जावर सध्याच्या जोडीदाराची सही घेतात, नसेल तर त्याला कळवले जाते. अमेरिकेत संरक्षण आदेश असलेल्या माणसाने बंदूक बाळगण्यावर 1994 पासून केंद्रीय बंदी आहे. 1996 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवरही ती आली. बंदुकीचा हक्क राज्यघटनेत असलेल्या त्या देशात 2024 मध्ये रहीमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी आदेशवाली बंदी कायम ठेवली. आपल्याकडे तर बंदूक हा हक्कच नाही, परवानगी आहे. चौकशी अहवालात "घरात मारहाणीची तक्रार आहे काय, पत्नीशी बोललात काय" हे दोन रकाने वाढवायला नवा कायदा लागणार नाही, असे मला ठामपणे वाटते. परवाना नूतनीकरणाची चौकशी करायला पोलीस घरी आले, तर तुम्ही स्वतः बोला. ओट्यावर नको, बाजूला घेऊन.

तो मला नाही, स्वतःलाच गोळी घालीन म्हणतो.

हे दोघांच्याही जिवावरचे आहे. स्वतःला मारायला निघालेला माणूस आधी घरच्यांवर हात टाकू शकतो. बंदूक त्या दिवशीच घराबाहेर जायला हवी. 112 आणि टेली-मानसचा 14416, दोन्ही लावा. कर्जात, दुष्काळात, कापसाचा भाव पडला की असे बोलणे वाढते, आणि घरचे त्याला रागाचे बोलणे समजून सोडून देतात.

शेजारी, आई किंवा मैत्रीण तक्रार करू शकते का?

करू शकते. 2005 च्या कायद्याचे कलम 4 कोणालाही संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देऊ देते, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीसाठी त्याच्यावर कारवाई होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रात दर चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात अशा बायांपैकी फक्त 14 टक्क्यांनी कोणाची मदत मागितली होती. "घरनी गोट घरमाच राहू दे" हे वाक्य ज्या घरात चालते, तिथे पहिला फोन बहुतेक वेळा बाहेरच्याने करावा लागतो. अंगणवाडी ताई आणि आशा यांना मी हे नेहमी सांगते.

धोका वाढला हे कसे ओळखायचे?

तुम्ही सोडून जाण्याची तयारी केली आहे हे त्याला कळले, तर पुढचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे. त्याने आधी कधी गळा दाबला असेल तर ती गोष्ट विसरू नका, डॉक्टरांना आणि पोलिसांना वेगळी सांगा. जखम दिसत नाही म्हणून ती कोणी लिहीत नाही. पाठलाग, रोज कामाच्या जागी येणे, फोन तपासणे, मुलांना मारण्याची धमकी, अचानक काडतुसे आणणे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे सुरक्षा आराखड्याचा नमुना असतो, तो त्यांच्यासोबत बसून भरा. माहेरी जाणार असाल तर कोणत्या गाडीने, कोणासोबत, कोणत्या वेळी, हे आईखेरीज कोणाला सांगू नका. आणि माहेरच्यांनी उत्तरादाखल आपली बंदूक काढू नये. भाऊ रागात असतो, त्याला वहिनीने आवरावे.

बैठक झाली, समझोता झाला. आता बंदूक परत आणू द्यावी का?

समझोत्याच्या दिवशी नाही. पंचांसमोर त्याने हात जोडले असतील, तुम्हीही घर सांभाळायला तयार असाल, तरी कागदात एक अट घाला: कोर्टातला अर्ज निकाली निघेपर्यंत, आणि बंधपत्र असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत, हत्यार ठाण्यातच राहील. "विश्वास नाही का?" असे विचारतील. विश्वास असेल तर बंदूक घरात कशाला हवी, असे तुमच्या वतीने कोणी वडीलधाऱ्याने विचारावे. तुम्ही एकटीने नको. जमा केल्याची पावती, कोर्टाच्या आदेशाची प्रत, जिल्हाधिकारी कार्यालयाची पोच, तिन्ही माहेरी ठेवा, आणि फोटो काढून बहिणीच्या फोनवर पाठवा. तुमचा फोन तो तपासतो हे धरून चाला.